शिशाचा जिराफ

वर्गात मला सगळे 'रिपोर्ट' म्हणायचे. पहिल्या वर्षी सरावासाठी जो कोणी माझ्यासमोर बसला, त्याला मी थोड्या वेळानं हेच विचारलं होतं, "रक्ताचे रिपोर्ट काढलेत का?" एकीला थकवा वाटत होता, तिला मी थायरॉईड तपासायला सांगितलं. एकाला झोप लागत नव्हती, त्याला ड जीवनसत्त्व. बँकेतून निवृत्त होऊन आमच्या वर्गात आलेले काका वडिलांबद्दल बोलता बोलता गहिवरले, तर मी म्हटलं, "काका, साखर कधी बघितली होती शेवटची?" काका डोळे पुसता पुसता हसायला लागले आणि नाव पडलं ते पडलंच.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि काही काळ पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती. बाटलीत नमुना येतो, त्यात काय आहे ते शोधायचं, शंका आली तर पुन्हा तपासायचं. काम मला आवडायचं. पण बाटली घेऊन आलेली माणसं काउंटरवर उभी राहून जे सांगायची, ते मला बाटलीतल्या पाण्यापेक्षा जास्त ऐकावंसं वाटायला लागलं. म्हणून मी इथे आले.

आमच्या शिक्षणक्रमाचं नाव मानवतावादी मानसशास्त्र. त्याचा गाभा थोडक्यात असा, की माणूस म्हणजे बिघडलेलं यंत्र नव्हे. त्याला कुणी खरोखर समजून ऐकलं, तर स्वतःची वाट तो स्वतः शोधतो. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, निदान करायचं नाही, प्रश्नांची फैर झाडायची नाही. जे समजलं ते आपल्या शब्दांत परत ठेवायचं आणि सोबत राहायचं. वाचायला अर्धं पान, करायला जन्म पुरत नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई इतक्या हळू बोलायच्या, की वर्गात पंखा बंद ठेवावा लागे. पहिलं वर्ष संपताना त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"तुला माणूस दिसला की बिघाड शोधावासा वाटतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आपल्या समुपदेशन केंद्रात खरी माणसं येतील. कुणाच्या तब्येतीची शंका आलीच, तर आधी माझ्याकडे यायचं. पुढचं मी बघेन. पण तू बसल्या बसल्या तपासण्या सांगायला लागलीस, तर तुला पुढे बसवणार नाही. कळलं?"

कळलं होतं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक व्यक्ती मिळायची. तिच्या परवानगीनं सलग तीन भेटी रेकॉर्ड करायच्या आणि वर्गानं त्या ऐकायच्या. त्यावरून बाई ठरवणार, की हा विद्यार्थी यापुढे लोकांसमोर बसायला तयार आहे की त्यानं वर्षभर थांबावं. तिन्ही टेप हव्यातच. माझ्या बरोबरीच्या दोघी आधीच पार झाल्या होत्या. मी राहिले होते, आणि काका.

*

माझ्याकडे आले ते काचवाले. म्हणजे आम्ही त्यांना वर्गात तसं म्हणायचो, कारण येणाऱ्यांची खरी नावं वर्गात घ्यायची नाहीत असा नियम आहे. वय चाळिशीचं, अंगानं सडसडीत, नखांच्या कडा करड्या. रंगीत काचांच्या खिडक्या करण्याचा त्यांच्या वडिलांचा धंदा. काच कापायची, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे तापवून जोडायचे. वडील वर्षभरापूर्वी गेले. काचवाले तोवर एका कचेरीत कारकून होते. ती नोकरी सोडून ते वडिलांच्या कारखान्यात बसायला लागले.

खोलीत दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, पेले आणि लाल दिव्याचा रेकॉर्डर. माझे तळवे इतके ओले झाले होते, की मी ते ओढणीखाली लपवले होते.

"मला काय होतंय ते मलाच कळत नाही," काचवाले म्हणाले. "कशालाच धड चव लागत नाही. तोंडात नाणं धरल्यासारखं वाटतं. पोटात पीळ पडतो. बाबांचंही असंच व्हायचं शेवटी शेवटी. पोट धरून बसायचे त्या खुर्चीत. आता मी बसतो. काच समोर घेतली की हात उचलत नाही."

माझ्या जिभेवर प्रश्न आले होते. कधीपासून? जेवणाआधी की नंतर? मी ते गिळले. आणि मग, कुठून कोण जाणे, एक वाक्य बाहेर आलं.

"त्यांच्या खुर्चीत बसलात, आणि त्यांचं दुखणंही तुमच्याकडे आलं."

काचवाले माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा आतून ढासळल्यासारखा झाला आणि ते रडायला लागले. वर्षभरात रडलोच नव्हतो, असं नंतर म्हणाले. मी काही केलं नाही, तिथेच होते. रडणं ओसरल्यावर त्यांनी पाण्याकडे उजवा हात नेला, मध्येच थांबले आणि डाव्या हातानं पेला उचलला. उजवा हात मनगटातून किंचित खाली लोंबत होता. मी ते पाहिलं. पण त्या क्षणी मी माझ्या वाक्यावर इतकी खूश होते, की पाहिलेलं कुठेतरी बाजूला पडून राहिलं.

वर्गात टेप वाजली. ते वाक्य आलं, रडणं आलं. बाईंनी टेप थांबवली.

"हे कुठून आणलंस?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"तेच बरं," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

"रिपोर्टनं रिपोर्ट मागितला नाही!" काका म्हणाले. "अरे, घड्याळं बंद पडली असतील गावातली."

सगळे हसले. मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं, की आपण इथे चुकून आलेलो नाही.

*

घरी जेवताना आईनं विचारलं, "भाजी कशी झालीय?"

मी नुकतीच पोळी तोडली होती. तोंडातून निघून गेलं, "तुला भाजीबद्दल काळजी वाटतेय."

"मला कसली काळजी वाटतेय? मीठ कमी आहे का, तेवढं सांग!"

"कमी आहे."

"मग तसं म्हण ना. हल्ली तुझ्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत ओरडायचं. आपलंच आपल्याला परत." आईनं मिठाची बरणी पुढे सरकवली. "शेजारची विचारत होती, तुमची मुलगी काय शिकते. मी म्हटलं, गप्प बसायला शिकते. फी भरून."

मी मीठ घेतलं आणि चमचा तोंडात घातला. चमचा जुना, कल्हई गेल्यासारखा. त्याची चव जिभेला लागली आणि मी चावायची थांबले.

तोंडात नाणं. पोटात पीळ. लोंबणारं मनगट. शिशाच्या पट्ट्या.

प्रयोगशाळेत आम्ही पाण्यात शिसं शोधायचो. शरीरात गेलेलं शिसं काय करतं, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ज्या हातानं जास्त काम होतं, त्याचं मनगट वर उचलेनासं होतं, हेही त्यात होतं. मी हात पुढे करून माझा पंजा वर उचलून बघितला.

"आता हाताला काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तोंड बघ स्वतःचं."

*

दुसऱ्या दिवशी बाई खोलीचं कुलूप उघडत होत्या, तेव्हाच मी त्यांना गाठलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाईंनी बूट काढले, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बस आधी."

मी बसले.

"टेपवर मला शोक ऐकू आला," बाई म्हणाल्या. "स्वच्छ."

"हात टेपवर दिसत नाही, बाई."

"तू पाहिलास?"

"हो." मग मी प्रामाणिकपणे म्हटलं, "बहुतेक. क्षणभर."

"बहुतेक." बाईंनी तो शब्द टेबलावर ठेवल्यासारखा उच्चारला. "हे बघ, तू चूक आहेस असं मी म्हणत नाही. पण मागच्या वर्षी काका तुझ्यासमोर रडले, तेव्हा तुला साखर आठवली. आता हे रडले, तर शिसं आठवलं. माणूस रडला की तू प्रयोगशाळेत पळतेस, असं तर नाही ना?"

हे लागलं, कारण ते खरं असू शकत होतं.

"पुढच्या भेटीत नीट बघ," बाई म्हणाल्या. "त्यानंतरही वाटलं तर त्याच दिवशी माझ्याकडे ये. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन, डॉक्टरकडे पाठवेन. तिथल्या तिथे तू काही बोलू नकोस. एवढं पाळशील?"

"पाळेन."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. प्रयोगशाळेत शंका आली, तर बाटलीत उरलेलं पाणी पुन्हा तपासता यायचं. इथे उरलेलं काही नव्हतं. तो हात मी मनात इतक्या वेळा बघितला, की कधी तो पार खाली लोंबायचा आणि कधी अगदी ठणठणीत असायचा. आठवण म्हणजे उघडा राहिलेला नमुना, तिच्यात आपल्याच बोटांचं काय काय मिसळतं. शिशाविषयी वाचायला बसले की वाटायचं, मी खात्री करतेय. पुस्तक मिटलं की वाटायचं, मी पळतेय. दोन्हींत छाती सारखीच धडधडायची, त्यामुळे तिच्यावरूनही काही ठरवता येईना.

काका चहा घेताना म्हणाले, "चेहरा का असा? वाक्य तर झकास टाकलंस."

"काका, एखादं वाक्य बरोबर असेल आणि तरी चुकीचं असेल, असं होतं का?"

"बँकेत रोज व्हायचं," काका म्हणाले. "पण तिथे कुणी रडायचं नाही. निदान समोर तरी."

*

दुसऱ्या भेटीला काचवाले वेळेआधी आले. चेहरा उजळला होता. मी लाल दिवा लावला.

"त्या दिवसापासून हलकं वाटतंय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात ना, ते मी बायकोला सांगितलं. बाबांचं दुखणं माझ्याकडे आलंय. तीही रडली. आता पोटात दुखायला लागलं की मी म्हणतो, आले बाबा. मग बसून राहतो त्यांच्याबरोबर." ते लाजल्यासारखे हसले. "बायकोनं डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. ती रद्द केली. म्हटलं, मला कळलंय आता काय आहे ते."

डॉक्टरची वेळ माझ्या वाक्यानं रद्द झाली होती.

उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, त्यावर डावा हात. दिसण्यासारखं काही नव्हतं. मी ठरवलं, तास पुरा करायचा आणि तडक बाईंकडे जायचं. मी म्हटलं, "त्या दुखण्यात त्यांची सोबत मिळते." आवाज माझा होता, पण दुरून आल्यासारखा.

"अगदी," काचवाले म्हणाले. "मला ते गेलेलं नकोच आहे." मग काहीतरी आठवून त्यांनी डाव्या हातानं खिसा चाचपला. "हां, हे राहिलंच. मुलीनं दिलंय. मी म्हटलं, मी एका मावशींकडे जातो, त्या सगळं ऐकून घेतात. तर म्हणाली, ऐकणाऱ्या मावशींना हा दे."

त्यांनी माझ्या हातात एक जिराफ ठेवला. पट्टीचे उरलेले तुकडे वाकवून केलेला, करडा, बोटाएवढा. चार पाय, उंच मान, दोन छोटी शिंगं. फार गोड होता. आणि त्याच्या आकाराच्या मानानं जड. ते वजन मला ओळखीचं होतं.

भेटवस्तू मिळाली की काय करायचं हे आम्हाला शिकवलंय. ती देणाऱ्यासाठी काय आहे ते समजून घ्यायचं. मी जिराफ बोटांत फिरवला. मानेवर बारीक खाचा होत्या. एका बाजूला अर्धवर्तुळात ओळीनं, दुसऱ्या बाजूला तशाच. शिसं मऊ असतं, नखानंही त्यावर ओरखडा उठतो. हा नखाचा ओरखडा नव्हता.

"हे दात आहेत का?" मी विचारलं.

"काय?"

"हा तिनं चावलाय?"

"चावतेच ती," काचवाले कौतुकानं म्हणाले. "चार वर्षांची झाली तरी सवय जात नाही. पेन्सिल म्हणू नका, बटण म्हणू नका. मी काम करतो तेव्हा टेबलाखाली बसून खेळते. तिचं आख्खं प्राणिसंग्रहालय आहे तिथे."

बाईंना दिलेला शब्द मला आठवत होता. हेही कळत होतं, की तास संपायला थोडाच वेळ उरलाय, बाई शेजारच्याच खोलीत आहेत. पण ते घरी जातील, मुलगी विचारेल, मावशींना आवडला का, आणि दुसरा प्राणी तोंडात घालेल.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं, "आणि मला भीती वाटतेय सांगायची." स्वतःला वाटतंय ते बोलून दाखवा असं शिकवतात, म्हणून हे म्हटलं नव्हतं. ओठ खरोखरच कोरडे पडले होते. "हे शिसं आहे. ते पोटात जाणं वाईट. लहान मुलांना फारच वाईट. तोंडातली ती चव, पोटातला पीळ, तुमचा हात, हे सगळं शिशानं होऊ शकतं. असेलच असं नाही, मी डॉक्टर नाही. पण रक्त तपासलं की कळतं. तुमचंही तपासा आणि तिचंही. आजच. आणि तोवर तिला कारखान्यात नेऊ नका."

काचवाल्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. मला तो जाताना दिसला.

"मग त्या दिवशी जे म्हणालात ते?"

"ते मी मनापासून म्हटलं होतं."

"खोटं होतं का?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही!" त्यांचा आवाज चढला. "बाबा जन्मभर हेच काम करत होते. आजोबा करत होते. तुम्ही एक प्राणी हातात घेतला आणि कळलं तुम्हाला? इथे यायचं ते कशासाठी, तर कुणी डॉक्टरसारखं बोलणार नाही म्हणून. मी तुम्हाला बाबा सांगितले. तुम्ही मला शिसं सांगताय."

मी जिराफ टेबलावर ठेवला.

"आणा तो इकडे." त्यांनी टेबलावरच्या जिराफाकडे हात नेला. रागात उजवाच हात गेला. बोटं जिराफापाशी पोहोचली, पण पंजा वर उठेना. मनगट लोंबत राहिलं आणि बोटं टेबलावर घासली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग वर बघितलं. मी बघतेय हे त्यांना दिसलं.

"ठेवा तुमच्याकडेच," असं म्हणून ते उठले आणि गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. लाल दिवा चालूच होता.

*

बाईंनी टेप तिथल्या तिथे ऐकली. शेवटी जिराफ हातात घेतला, खिडकीपाशी नेला, मानेवरच्या खाचा बघितल्या. तो कागदात गुंडाळला, हात साबणानं धुतले आणि काचवाल्यांचा नंबर फिरवला. कुणी उचलला नाही. परत फिरवला. संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. मग त्यांनी निरोप ठेवला, अगदी साध्या भाषेत, कुठे तपासणी होते ते सांगून. उत्तर आलं नाही.

"मी शब्द मोडला," मी म्हटलं.

"मोडलास."

"मग?"

"मुलीचं ऐकल्यावर मीही मोडला असता," बाई म्हणाल्या. "पण तुझं पहिलं वाक्य मीच उचलून धरलं होतं. तो हात मीही बघायला हवा होता, आणि मी टेप ऐकत बसले." त्यांनी डोळे चोळले. "वर्षाचं म्हणशील तर नियम तोच. तिसरी टेप येऊ दे, मग ठरवू."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तर टेप नाही."

वर्गात दुसरी टेप वाजली, तेव्हा कुणी हसलं नाही. काका मला बाहेर गाठून म्हणाले, "यायला हवेत ते," आणि पुढे काही तरी जोडायला गेले, पण सापडलं नाही. ते टेपबद्दल बोलत होते की त्या मुलीबद्दल, मी विचारलं नाही. माझं मलाच ठरवता येत नव्हतं, की मी कशासाठी एवढी वाट बघतेय. रात्री डोळे मिटले की एक मूल दिसायचं, पाठमोरं. तोंडात काहीतरी आहे, एवढं कळायचं.

*

आमच्याकडे असा नियम आहे, की येणारा आला नाही तरी ऐकणाऱ्यानं त्याचा पूर्ण तास खोलीत बसायचं. तो तास त्याचा असतो. मी दोन्ही खुर्च्या नीट लावल्या, पेले पुसून ठेवले आणि बसले. रेकॉर्डर टेबलावर ठेवला. माणूस समोर बसून हो म्हणाल्याशिवाय दिवा लावायचा नसतो, म्हणून तो तसाच ठेवला. भिंतीपलीकडे काका त्यांच्या व्यक्तीबरोबर बसले होते, त्यांचा समजूतदार हुंकार मधून मधून ऐकू येत होता. मी दाराच्या कडीकडे बघत होते. अर्धा तास होऊन गेला. मग मी कडीकडे बघायची सोडून दिली.

तेव्हा दार उघडलं.

काचवाले आत आले, खुर्चीत बसले आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाले, "निघालं."

मी खुर्चीत पुढे सरकले.

"माझं खूप आहे. डॉक्टरनं दोनदा विचारलं, चालत आलात का म्हणून. तिचं कमी आहे. पण आहे." ते थांबले. "तिचं पण आहे."

"हं."

"कारखान्याला कुलूप लावलं. तिचे सगळे प्राणी पिशवीत भरले. ती दिवसभर रडली. मला म्हणाली, तू वाईट आहेस." त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "डॉक्टरनं विचारलं, वडील कशानं गेले. मी म्हटलं, पोटाच्या दुखण्यानं. तो मान खाली घालून लिहीत राहिला."

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उपाय असतात, घरातून शिसं गेलं की मुलांच्या रक्तातलं उतरायला लागतं, मनगट बहुतेकदा सुधारतं. सगळं खरं आणि सगळं जिभेच्या टोकाशी. हे डॉक्टरनं त्यांना सांगितलंच असणार.

"मी त्यांच्या शेजारी बसायचो, पोट शेकायला पिशवी द्यायचो," काचवाले म्हणाले. "आणि खुर्ची तीच. टेबल तेच. कुणी सांगितलं नाही त्यांना. कुणीच नाही." त्यांचा आवाज फाटला. "आता दुखतं ना, तेव्हा मी काय म्हणू? आधी म्हणायचो, आले बाबा. आता काय म्हणू?"

माझी नजर रेकॉर्डरवर गेली. दिवा विझलेला. परवानगी विचारायची राहूनच गेली होती. एवढंच म्हणायचं होतं, एक मिनिट, चालेल का. ते चालेल म्हणाले असते. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं आणि त्यावर माझं वर्ष होतं.

मी हात मांडीवरच ठेवला.

"बोला ना काहीतरी," काचवाले म्हणाले.

"सुचत नाहीये."

"त्या दिवशी सुचलं होतं."

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग होता त्यांच्या डोळ्यांत, पण ते उठले नाहीत. मीही नजर काढून घेतली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मी पुसलं नाही, कारण पुसायला हात हलवावा लागला असता.

भिंतीपलीकडचं दार वाजलं. काकांचा तास संपला होता, म्हणजे माझाही. पॅसेजमध्ये त्यांची पावलं आमच्या दाराशी आली, थबकली आणि हळूच पुढे गेली.

"डॉक्टर म्हणाला, रोज थोडा वेळ प्रयत्न करायचा," काचवाले म्हणाले. त्यांनी टेबलावरच्या उजव्या हाताकडे बघितलं. "असा पालथा ठेवायचा. आणि पंजा वर उचलायचा."

त्यांनी दात आवळले. कपाळावरची शीर उठली. बोटांची टोकं टेबलावरून किंचित सुटली आणि परत टेकली. मनगट हललं नाही.

"परत," ते स्वतःशीच म्हणाले.

आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसलो.